तीनशे एकरात शेती ठेवून टाउनशिप: जमेल, पण नकाशा सगळ्यात शेवटी काढा

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशावर बोलतोय ते. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या काठचं गाव, कालव्याचं पाणी येतं, ऐंशीएक खातेदारांची मिळून सलग ३०० एकर जमीन आहे, बिल्डर टाउनशिपसाठी मागे लागलेत, आणि गावातल्या शिकलेल्या पोरांचं म्हणणं असं की सगळी विकण्यापेक्षा अर्ध्यात शहर करू आणि अर्ध्यात शेती ठेवू. हे खरंच होतं का की ब्रोशरवर छान दिसणारी गोष्ट आहे, असं तुम्ही विचारलंय.

मी नगररचनेत बरीच वर्षं काम करतेय, सरकारी आराखड्यांवर पण आणि खाजगी टाउनशिपवर पण. माझं मत सरळ सांगते. होतं. पण ज्या लोकांनी आधी नकाशावर हिरवा रंग भरला आणि मग विचार केला त्यांचं झालेलं नाही. शहराला लागून शेती टिकते ती तीनच गोष्टींवर: शहराचं पाणी तिला मिळतंय का, शहराचा पैसा तिच्याकडे येतोय का, आणि ती विकता येणार नाही असं कागदावर बांधलंय का. नकाशा त्याच्या नंतर.

तुमच्या जवळचं उदाहरण सगळे देतात ते मगरपट्ट्याचं. हडपसरची साधारण ४०० एकर जमीन, १२० च्या आसपास शेतकरी कुटुंबं, १९८२ च्या आराखड्यात तो पट्टा पुढे शहरीकरणाचा म्हणून दाखवला गेला, आणि तिथल्याच सतीश मगरांनी सगळ्यांना एकत्र आणून कंपनी काढली, ज्याची जेवढी जमीन त्या प्रमाणात त्याला शेअर्स. शेतकरी बिल्डरला विकून मोकळा झाला नाही, तो मालकच राहिला, घरातली पोरं कॉन्ट्रॅक्टर झाली. पुढे सिंहगड रोडला नांदेड सिटी त्याच धर्तीवर उभी राहिली. हे मोठं काम आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण एक गोष्ट लोक बोलत नाहीत, तिथे शेतकरी टिकला, शेती टिकली नाही. तुमचा प्रश्न दोन्ही टिकवण्याचा आहे, त्यामुळे मगरपट्ट्याकडून जमीन एकत्र कशी करायची आणि पैसा कसा वाटायचा एवढं घ्या, पुढचं दुसरीकडून शिकावं लागेल.

आता थोडं गणित, कारण त्याच्याशिवाय ही सगळी चर्चा हवेत राहते.

समजा १५० एकरावर वस्ती केली आणि सरासरी एकरी १०० माणसं धरली, म्हणजे फार उंच टॉवर न करता, तर १५ हजार लोकसंख्या झाली. एका माणसाला रोज ३०० ग्रॅम भाजी धरली तर वर्षाला ११० किलो, म्हणजे सगळ्यांना मिळून साधारण १,६५० टन. ओलिताखालच्या चांगल्या जमिनीत वर्षाला दोन-तीन पिकं घेऊन एकरी २० टन भाजी धरायला हरकत नाही, म्हणजे ८२-८३ एकर लागतील. आहे तुमच्याकडे. आता तेच ज्वारीचं करून बघा. माणशी वर्षाला १५० किलो धान्य, जिरायतीत हेक्टरी एक टन उत्पन्न, म्हणजे माणशी १५ गुंठे, १५ हजार लोकांना साडेपाच हजार एकरांच्या वर. गहू बागायतीत केला तर ते तिसऱ्या हिश्शावर येईल, तरी तुमच्या गावात मावणार नाही. त्यामुळे "आमचं शहर स्वतःचं अन्न स्वतः पिकवेल" असं कोणी सांगत असेल तर त्याला धान्य कुठून येणार ते विचारा. शहराजवळची शेती म्हणजे भाजी, फुलं, दूध, अंडी, चारा, थोडी फळं. जे नाशवंत आहे, जे रोज लागतं आणि ज्याचा वाहतुकीत निम्मा जीव जातो ते.

आणि आता पाणी, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शहरी पाणीपुरवठ्याचा ठोकळ हिशोब माणशी दिवसाला १३५ लिटर असतो आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येतं. १५ हजार माणसांचं झालं रोजचं सोळा लाख लिटर. भाजीपाल्याला दिवसाला सरासरी ५ मिलिमीटर पाणी धरलं तर एकरी २० हजार लिटर. भागाकार करा, ८१ एकर. म्हणजे जेवढ्या लोकांना भाजी पुरवायची साधारण तेवढ्याच लोकांच्या सांडपाण्यावर ती भाजी पिकते! ड्रिप केलं तर अजून पुढे जाईल. हा आकडा मी लोकांना दाखवते तेव्हा त्यांना वाटतं मी जुळवून आणलाय, पण तुम्ही स्वतः करून बघा, उन्हाळा-पावसाळ्याने खाली-वर होईल पण अंदाज फार चुकणार नाही.

पुणे शहर हेच मोठ्या प्रमाणावर करायचं म्हणतंय, बरं का. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं मिळून साठा २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, शहर त्यातलं जास्त-जास्त उचलत गेलं आणि कालव्याच्या खालच्या अंगाला दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्यांची ओरड वाढत गेली, म्हणून मुंढव्याला जॅकवेल, म्हणजे पाणी उचलायची विहीर, बांधून साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी बेबी कालवा म्हणतात त्या जुन्या कालव्यात सोडायचं ठरलं. कल्पना उत्तम. पण त्या पाण्याच्या क्वालिटीबद्दल खालच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी काय आहेत ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तुम्ही तिथेच राहता. यातून घ्यायचं ते एवढंच की सांडपाणी शेतीला द्यायचं तर एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र) चालवणारा आणि पाणी वापरणारा यांच्यात करार पाहिजे, आणि पाणी खराब आलं तर वापरणाऱ्याला व्हॉल्व बंद करता आला पाहिजे. तुमच्या टाउनशिपमध्ये एसटीपीचा ताबा शेतकऱ्यांच्या कंपनीकडेच ठेवा. हे लोकांना विचित्र वाटतं पण ज्याला पाण्याची गरज आहे तोच ते नीट ठेवतो, सोसायटीचा मॅनेजर वीजबिल वाचवायला सांडपाण्यात हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवतो हे मी ठिकठिकाणी पाहिलंय.

दोन पथ्यं मात्र पाळायची. एक, त्या लाइनीत एकही वर्कशॉप, प्लेटिंग, डाइंग असलं काही जोडायचं नाही, जड धातू एकदा मातीत गेले की ती माती गेलीच समजा. दुसरं, पालक, कोथिंबीर, मेथी, मुळा यांना आणि जे कच्चं खाल्लं जातं त्या सगळ्याला हे पाणी द्यायचं नाही, त्यांना विहिरीचं किंवा कालव्याचं. प्रक्रिया केलेलं पाणी चाऱ्याला, फुलांना, फळझाडांना, आणि शिजवून खायच्या वेलवर्गीयांना ड्रिपने. मुंबईत रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या पालेभाजीवरून दर काही वर्षांनी बोंब होते ती उगाच नाही. म्हणजे वरच्या गणितातलं ८१ एकर सगळंच्या सगळं पालेभाजीचं नाही हे लक्षात ठेवा.

सांडपाण्यावर शहर पोसण्याचं देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण कोलकात्याच्या पूर्वेला आहे. १२,५०० हेक्टरची पाणथळ, शहराचं मैलापाणी उथळ तळ्यांत जातं, ऊन आणि शेवाळं ते साफ करतात, त्यात मासे वाढतात, पुढे भाजी आणि भात. कोणी तज्ज्ञाने डिझाइन केलेलं नाही, तिथल्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी बसवलेलं आहे, ध्रुवज्योती घोष नावाच्या सरकारी इंजिनिअरने ते समजून घेऊन जगापुढे मांडलं आणि २००२ मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. आणि तरीही कडेकडेने भराव पडतच असतो. कारण शहराचा एसटीपीचा एवढा खर्च वाचतोय पण त्यातला रुपया तळेवाल्याला मिळत नाही, आणि प्लॉटवाला मात्र रोख घेऊन उभा असतो.

आपल्याकडची वसई बघा. वाड्या, त्यात केळी, फुलं, भाजी, खायचं पान, मधे मधे बावखलं म्हणजे गोड्या पाण्याची छोटी तळी, आणि माल पहाटेच्या लोकलने थेट दादरला. शेती आणि शहर एकत्र म्हणजे काय ते तिथे पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं, कुठलाही प्लॅनर नव्हता. नव्वदच्या आसपास बांधकामाला मोकळं रान मिळायला लागलं तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी आणि हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला, २००९ ला महापालिका झाली तेव्हा गावांनी आम्हाला वगळा म्हणून आंदोलन केलं. त्या लढ्यामुळे बरंच वाचलं हे खरं, पण आंदोलनावर किती वर्षं शेती टिकवणार हो? बावखल बुजवणाऱ्याला चार पैसे मिळतात आणि राखणाऱ्याला काहीच मिळत नाही, हे गणित उलटं झाल्याशिवाय काही खरं नाही.

मग पैशाकडे येऊ. बिल्डर एकराला कोटीत बोलतो, भाजीतून खर्च जाऊन एकराला लाख-दोन लाख सुटले तरी चांगलं वर्ष म्हणायचं. शेती त्या भावाशी कधीच स्पर्धा करू शकत नाही, हे आधीच मान्य करा. त्यामुळे ज्याची जमीन शेतीत राहणार त्याला वस्तीच्या भागातल्या फायद्यात बरोबरीचा वाटा मिळालाच पाहिजे, नाहीतर ज्याचं शेत रोडला लागून तो करोडपती आणि ज्याचं नदीकडे तो कायमचा भाजीवाला, मग गाव फुटतं आणि पाच वर्षांत नदीकडचा पण विकतो. ३०० एकर एकत्र, शेअर क्षेत्राच्या आणि प्रतीच्या प्रमाणात, मग कुठे इमारत आणि कुठे वांगी हे शेअरवर अवलंबून नाही. इथे मगरपट्ट्याचा धडा कामाला येतो.

अमेरिकेत मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीने हेच पूर्ण तालुक्याएवढ्या भागात केलं, वॉशिंग्टन शहराला लागून. १९८० मध्ये ९३ हजार एकर शेतीसाठी राखून ठेवले, तिथे २५ एकराला एकच घर, पण शेतकऱ्याला प्रत्येक ५ एकरामागे एक बांधकाम हक्क दिला जो त्याने दुसरीकडच्या बिल्डरला विकायचा. म्हणजे आपला टीडीआरच. आपल्याकडे रस्त्याला, बागेला जमीन दिली की टीडीआर मिळतो, जमीन शेतीच ठेवली म्हणून मिळत नाही, मला ही आपल्या पूर्ण व्यवस्थेतली सगळ्यात मोठी त्रुटी वाटते. तुमच्यापुरता उपाय असा की एकात्मिक नगर वसाहतीच्या नियमात जा, त्याला १०० एकर सलग लागतात, ते तुमच्याकडे आहेत, आणि पूर्ण ३०० एकरांचा एफएसआय, म्हणजे जमिनीवर जेवढं बांधकाम करता येतं तो हक्क, १५० एकरांवर वापरण्याचा लेआउट करून मंजुरीच्या अटीतच लिहून घ्या की उरलेल्या भागाचा एफएसआय वापरून झालेला आहे. एकदा ते कागदावर आलं की त्या शेतावर बिल्डरला काही इंटरेस्ट राहत नाही.

दुसरा पैसा रोजचा. १५ हजार माणसं म्हणजे पावणेचार हजार फ्लॅट. मेंटेनन्समधून फ्लॅटमागे महिना ३०० रुपये शेती निधीला आले तर वर्षाला १ कोटी ३५ लाख, १५० एकरांना वाटले तर एकरी ९० हजार. पिकाचं उत्पन्न वेगळं. आंध्र प्रदेशात अमरावतीला राजधानीसाठी जमीन एकत्र केली तेव्हा शेतकऱ्याला १० वर्षं जिरायतीला एकरी ३० हजार आणि बागायतीला ५० हजार वार्षिक द्यायचं ठरलं होतं, त्याच्याशी तुलना करा, आणि ते तर शेती सोडण्याबद्दल होतं. फ्लॅटवाल्याला हे जड वाटू नये, कारण त्याचं सांडपाणी जिरतंय, ओला कचरा जातोय आणि समोरची मोकळी हवा कायम राहतेय. ओल्या कचऱ्याचं पण सांगते, रोज तीनेक टन निघेल, त्याचं वर्षाला अडीचशे टनांच्या आसपास खत, भाजीच्या ८० एकरांना एकरी तीन टन. उरुळी-फुरसुंगीने शहराच्या कचऱ्यापायी विहिरी घालवल्या, तुम्ही त्यांच्या शेजारचेच, त्यामुळे बाहेरचा कचरा एक ट्रकसुद्धा आत घ्यायचा नाही अशी अट आत्ताच घाला. सेलिंगच्या वेळी हे सगळं फ्लॅटच्या ॲग्रीमेंटमध्ये पाहिजे, नंतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये मागायला गेलात तर मिळणार नाही.

कागदाचं सांगायचं तर कूळकायद्याच्या ६३ कलमामुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, त्यामुळे "फ्लॅटसोबत तुमचं स्वतःचं पाच गुंठ्यांचं शेत" असली स्कीम कोणी आणली तर दारातूनच परत पाठवा. सामाईक सातबाऱ्यावर अकरा-अकरा गुंठ्यांचे फार्म प्लॉट विकून काय होतं ते हवेली तालुक्यात कुठेही बघा, ना धड शेती ना धड एनए (बिगरशेती), मग गुंठेवारी नियमित होण्याची वाट बघत बसायचं. शेतजमीन तुमच्याच नावावर राहू दे, आणि कसायला, पॅकिंगला, विक्रीला शेतकरी उत्पादक कंपनी काढा. फ्लॅटवाल्याला हौस असेल तर कंपनीकडून वाफा वर्षाच्या वर्गणीवर घेऊ दे, मालकी नाही.

हौशी लोकांच्या भरवशावर तर राहूच नका. नेदरलँड्समध्ये आल्मेर शहराच्या कडेला ऑस्टरवोल्ड नावाचा भाग आहे, ४,३०० हेक्टरचा, तिथला मूळ नियम असा की घर बांधा पण प्लॉटचा निम्मा भाग शेतीला, रस्ता आणि सांडपाणी पण तुमचं तुम्ही बघा. फार गाजलेला प्रयोग, आणि मला आवडतो पण. पण नोकरी करून आलेला माणूस शनिवारी किती खुरपणार, चार फळझाडं लावून हिरवळ ठेवली की नियम पाळल्यासारखं होतं, आणि घरोघरच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेनेही तिथे त्रास दिलाच. शेती पोटापाण्यासाठी करणारा माणूस हवाच. सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्डने उद्याननगराची कल्पना मांडली होती त्यातही ६ हजार एकरांपैकी ५ हजार शेतीचे, आणि तिथे राहणारे २ हजार लोक वेगळे धरलेले होते. लोकांनी त्यातली उद्यानं उचलली, शेतकरी विसरले.

आता नकाशा. तुमच्या गावात तो जवळजवळ जमिनीनेच काढून ठेवलाय. जुन्या लोकांनी वस्ती पांढरीत ठेवली आणि काळी पिकाला सोडली, तेच करा. काळ्या मातीत फाउंडेशनचा खर्च पण वाढतो, ती फुगते आणि आकसते, मुरमाड माळावर इमारत स्वस्तात उभी राहते. नदीकडचा निळ्या पूररेषेच्या आतला भाग तसाही बांधता येत नाही, तो शेतीत धरा, पण तेवढाच हिरवा दाखवून बिल्डरने "बघा शेती ठेवली" म्हटलं तर फसू नका. इमारती उत्तरेला आणि शेतं दक्षिणेला ठेवा, कारण डिसेंबरात भर दुपारीसुद्धा ३० मीटर उंच इमारतीची सावली २७ मीटर उत्तरेकडे पडते, सकाळ-संध्याकाळ तर विचारूच नका, आणि रब्बीच्या पिकाला ऊन तेव्हाच लागतं.

शेत आणि बाल्कनी एकमेकांना चिकटवायची नाहीत. फवारणीचा वास, शेणखताच्या माश्या, रात्री चालणारी मोटर, यावरून भांडणं होतात आणि त्यात नेहमी फ्लॅटवाला जिंकतो कारण त्याची मतं जास्त. मधे रस्ता ठेवा, त्याला लागून रोपवाटिका, फळबाग, चाऱ्याचा पट्टा, आणि मग भाजी. ट्रॅक्टर ट्रॉलीसह वळेल असा रस्ता शेवटपर्यंत. मजुरांची घरं आराखड्यात दाखवा, ती नसतात म्हणून शेती बंद पडते हे कोणी लिहीत नाही, पण खुरपणीला बाया मिळाल्या नाहीत तर तुमची शाश्वतता एका सीझनमध्ये संपते. आणि गेटवरच विक्रीची जागा, पत्रा, पाणी आणि वजनकाटा, बाकी काही लागत नाही. सगळा माल तिथे खपणार नाही, निम्मा मार्केट यार्डला जाईल हे धरूनच चाला.

ऐंशी खातेदार एकमताने येतील का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण खरी अडचण तिथेच आहे. वारसनोंदी झालेल्या नाहीत, बहिणींचं हक्कसोड नाही, एकेका सातबाऱ्यावर चौदा नावं, दोन-चार दावे कोर्टात, हे सगळीकडेच असतं. त्यामुळे आर्किटेक्टला ॲडव्हान्स द्यायच्या आधी सगळ्यांचे सातबारे, फेरफार आणि मोजणीची नक्कल एका ठिकाणी जमवा, नदीकाठच्या गटांवर पूररेषा पाटबंधारे खात्याकडून लावून घ्या, आणि प्रत्येक गटाची माती आणि विहिरीचं पाणी तपासून आणा, कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात होतं, खर्च फार नाही. त्यातून किती एकर खरंच पिकाच्या लायकीचे आहेत ते कळेल, मग दीडशेच्या जागी एकशे वीस निघाले तर एकशे वीस. तोपर्यंत बिल्डरला कोणी टोकन घेऊन सही देणार नाही एवढं फक्त ग्रामसभेत ठरवून घ्या, एकाने जरी विसार घेतला तरी सलग क्षेत्र तुटतं.